एसीचा दसरा

नवरात्राच्या आधी दसरा काढायचा म्हणजे घरातली सुतळीसुद्धा धुवून वाळत घालायची, हे बीडमधल्या कुठल्याही नवऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. गोधड्या, सतरंज्या, माळ्यावरची पितळी भांडी, पंख्यांची पाती, सगळं खाली येतं आणि धुतलं जातं. साबण ज्या डब्यात ठेवतात तो डबासुद्धा साबणानं धुतात. दरवर्षी शहादेवच्या वाट्याला पंखे आणि जळमटं यायची. या वर्षी त्यानं आपणहून मोठं खातं मागून घेतलं.

"एसी माझ्याकडं," तो म्हणाला.

उज्ज्वलानं हातातली गोधडी तशीच धरून नवऱ्याकडं पाहिलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. तिनं फक्त एवढंच विचारलं, "येतं का पण तुम्हाला?"

आता हा काय प्रश्न झाला? शहादेव जिल्हा परिषदेत आवक-जावक विभागात होता. एकवीस वर्षांत त्याच्या टेबलावरून गेलेला एकही कागद हरवला नव्हता. ज्याचा त्याला मिळाला नसेल, ती गोष्ट वेगळी. पण हरवला नव्हता. असा माणूस दोन जाळ्या काढून, धुवून परत बसवू शकणार नाही?

शिवाय हा एसी काही साधा नव्हता. गार आणि गरम, दोन्ही वारं देणारा होता आणि तो आणला होता फक्त आईसाठी. मागच्या हिवाळ्यात चंद्रभागाबाई तलवाड्याला एकट्याच महिनाभर अंथरुणाला खिळून होत्या आणि त्यांनी फोनवर रोज "लई बरी हाय" असंच सांगितलं होतं. शहादेवला ते कळलं संक्रांतीला, तेही दुसऱ्याकडून. तेव्हापासून त्याच्या मनात एकच होतं, आईनं थंडी इथं काढायची. पण गावातली बाई लेकाकडं राहायला गेली असं म्हणत नाही. त्यात घर मोडल्यासारखं वाटतं. मग एसी आला, आणि चंद्रभागाबाईंना गावात सांगायला कारण मिळालं: गुडघ्याला शेक द्यायला मशीन लावलीय बीडला.

येतानाच त्यांनी अट घातली होती. "चैतापस्तोर राहीन. पर मशीनपायी. मशीन बंद पडली की मी तलवाड्याला. मग मला आडवू नको."

म्हणजे भिंतीवर सहा फुटांवर लटकणाऱ्या त्या पांढऱ्या पेटीला शहादेवच्या आईची दोरी बांधलेली होती. म्हणूनच तिला दुसऱ्या कुणाचा हात लागू नये, असं त्याला वाटलं. हेतू चांगला होता, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं ते लक्षात राहणार नाही.

तर जाळ्या निघाल्या. धुतल्या. गच्चीवर उन्हात वाळत घातल्या. संध्याकाळी शहादेव गच्चीवर गेला तर तिथं एकच जाळी होती. दुसरी वाऱ्यानं नेली होती. त्यानं टाकीमागं पाहिलं, रस्त्यावर पाहिलं, लिंबाच्या झाडावर पाहिलं. मग विचार केला, एकच जाळी लावली तर उज्ज्वला दुसरी कुठंय विचारणार. एकही लावली नाही तर झाकण बंद केल्यावर कळतंय कुणाला? राहिलेली जाळी त्यानं माळ्यावर टाकली, झाकण लावलं आणि खाली येऊन "झालं" म्हणून हात पुसले. नवीन जाळी मागवू सवडीनं. कार्यालयात सवडीनं शब्दाचा जो अर्थ होतो, तोच घरीही झाला.

खंडेनवमीला घरातलं प्रत्येक हत्यार पुजायचं. विळी झाली, मिक्सर झाला, स्कूटर झाली. शहादेवच्या बॅगेतून स्टेपलर काढून त्यालाही हळदकुंकू लावून झालं. मग चंद्रभागाबाई एसीखाली येऊन उभ्या राहिल्या.

"आन हिला कावून कोरडी ठेवली? राबती कोण तुमच्यात? हीच की."

"आत्याबाई, ती उंच आहे. हात नाही पोचायचा," उज्ज्वला म्हणाली.

"अक्षता तर पोचतील?"

आणि हळद-कुंकवात रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षता आल्या. आपल्याकडं अक्षता ज्वारीच्याच, तांदूळ पाहुण्यांना. शेजारच्या वच्छलाबाई आरतीला आल्याच होत्या, त्यांच्याबरोबर कॉलनीतल्या अजून चार बायका. कुणीतरी म्हणालं, पूजा करताना मशीन चालू पाहिजे, देवाचा डोळा उघडा पाहिजे. मशीन चालू झाली. मग सातजणींनी मुठी भरभरून, लग्नात नवरा-नवरीवर टाकतात तशा, नेम धरून अक्षता टाकल्या. एसी वरून श्वास घेतो आणि खालून सोडतो. वरच्या तोंडाला ज्या दोन जाळ्या असतात, त्या नाकातल्या केसांसारखं काम करतात. इथं नाक मोकळंच होतं. मशीननं आशीर्वाद मनापासून आत ओढून घेतले.

शहादेव दारात उभा राहून बघत होता. त्याला काहीतरी आठवल्यासारखं झालं. तेवढ्यात प्रसाद आला.

पूजेनंतर पाचव्या दिवशी दुपारी चंद्रभागाबाई मशीनखाली आडव्या झाल्या होत्या आणि त्यांच्या कपाळावर टपकन थेंब पडला. मग दुसरा. तासाभरात भिंतीवरून ओघळ आला आणि खोलीभर ओल्या कडब्यासारखा वास सुटला. वारं गार लागेना. शहादेव ऑफिसातून आला तेव्हा मशीनखाली कणीक मळायची परात ठेवलेली होती आणि आई बोचकं बांधत होती.

"मशीन गेली," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "अजिनाथला फोन केला मी. इतवारी त्याची गाडी सोयाबीन घेऊन मोंढ्यात येती. जाताना मला घेऊन जाईल."

अजिनाथ म्हणजे त्यांच्या दिराचा मुलगा, शब्दाला पक्का. इतवारी म्हणाला की इतवारीच येणार.

"अगं आई, गळतंय फक्त. साफ केलं की होईल."

"ठरलंय ते ठरलंय," त्या म्हणाल्या आणि बोचक्याला दुसरी गाठ मारली.

त्या दिवशी होता मंगळवार.

आपल्या कॉलनीत माणसाच्या घरी पाणी गळायला लागलं की ते भिंतीवर दिसायच्या आधी शेजाऱ्यांना दिसतं. पहिले आले बंकटराव. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, माजलगावच्या बाजूला तीन एकर रान असलेले आणि जगातलं कुठलंही यंत्र शेवटी एसटीच असतं अशी श्रद्धा असलेले.

"गॅस गेला, शहादेवराव."

"गॅस गेल्यावर पाणी कसं गळेल?"

"मग रेडिएटर हाय. एकच हाय ते." त्यांनी मशीनच्या खालच्या फटीला कान लावला. "आत कचरा हाय. बारीक कचरा. खुळखुळतोय. प्रेशरनं मारावं लागंल पाणी. माझा फवारणीचा पंप हाय ना बॅटरीवरचा, पाठीवर घ्यायचा. गेल्या साली मी त्यानं जीप धुतलती."

वच्छलाबाईंचं म्हणणं वेगळं होतं. मशीनला दृष्ट लागली होती. मीठ-मोहऱ्या ओवाळून मग काय ते मारा. शहादेवनं दोन्ही केलं. आधी ओवाळलं, मग पाठीवर पंप बांधला. बनियनवर, खुर्चीवर उभा राहून, नळी मशीनच्या तोंडात घालून त्यानं बटण दाबलं तेव्हा तो इतका करारी दिसत होता की उज्ज्वलानं फोटो काढून ठेवला. तो तिनं अजून कुणाला दाखवलेला नाही. म्हणजे माहेरी सोडून.

अर्धा पंप आत गेला. त्यातलं बरंचसं शहादेवच्या अंगावर परत आलं. चंद्रभागाबाई पलंगावर बसून बघत होत्या. त्यांनी नाक फुगवून वास घेतला.

"हे कशाचं पाणी हाय रे?"

"साधं पाणी हाय, मावशी," बंकटराव म्हणाले. "पंप मी स्वतः इसळलाय."

"कधी?"

"मागं. पोळ्याच्या आदी."

"वास वळखीचा हाय," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "फुटव्याचं टॉनिक हाय हे. कापसावर मारतेत."

बंकटरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. कापसावर त्यांनी फवारलं होतं खरं.

"त्यानं काही नुकसान न्हाई होत," ते शेवटी म्हणाले. "झाला तर फायदाच."

फायदा झाला. शुक्रवारी सकाळी उज्ज्वला झाडायला आली आणि किंचाळली. मशीनच्या खालच्या फटीतून, जिथून वारं येतं तिथून, बोट-बोट लांबीचे पिवळसर हिरवे कोंब बाहेर आले होते. एकदोन नाही. दाट, सारखे, एका रांगेत, अगदी पाभरीनं पेरल्यासारखे.

शहादेवनं कंपनीचा नंबर लावला. नऊ वेळा "आपला कॉल महत्त्वाचा आहे" ऐकून झाल्यावर त्याला एक लिंक आली. तिथं तक्रार निवडायची होती: थंड होत नाही, आवाज येतो, पाणी गळते, इतर. शहादेवनं इतर निवडलं आणि सवयीनं लिहिलं, "महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की," आणि तिथं अक्षरांची मर्यादा संपली. मग त्यानं फोटो जोडला. अर्ध्या तासानं उत्तर आलं: चुकीचा फोटो. कृपया एसीचा फोटो पाठवावा, कुंडीचा नाही.

एकवीस वर्षं शहादेवनं लोकांचे अर्ज त्रुटी काढून परत पाठवले होते. आपला अर्ज परत आल्यावर कसं वाटतं हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. त्यानं थोडं लांब जाऊन, मशीनबरोबर भिंत, पंखा आणि स्वतः उभा, असा दुसरा फोटो पाठवला. उत्तर आलं: आत बाह्य पदार्थ आढळल्यास हमी लागू होणार नाही, कारागीर शनिवारी येईल.

तोपर्यंत बाहेर चपलांचा ढीग झाला होता. वच्छलाबाईंनी घोषणाच केली होती. "अवो, घट उगवलाय! देवीचा घट! आमी त्या दिवशी अक्षता टाकल्या न्हाई का!" बायका येत होत्या, हात जोडत होत्या आणि टाचा उंच करून एकेक कोंब खुडून अंबाड्यात खोचत होत्या. कुणीतरी परातीत नारळ ठेवून गेलं. पुरुषमंडळी बंकटरावांच्या नेतृत्वाखाली दारात उभी होती.

"सातबाऱ्यावर नोंद घ्या, शहादेवराव. जिरायत का बागायत?"

"गळतंय म्हणजे ठिबकच की."

शहादेव आतून सगळं ऐकत होता. काहीतरी चोख उत्तर द्यावं असं त्याला फार वाटलं. ते त्याला सुचलं रविवारी, आणि तेव्हा त्याला दुसरं काम होतं.

फक्त चंद्रभागाबाई हसल्या नाहीत आणि हातही जोडले नाहीत. त्यांनी शहादेवला खुर्ची धरायला लावली, गुडघा सांभाळत वर चढल्या आणि एक कोंब उपटून मुळासकट डोळ्यांजवळ धरला. "मालदांडी ज्वारी हाय. आपल्याच रानातली." मग मान वर करून आत पाहिलं. "लई दाट झाली पर. इरळावी लागंल. तलवाड्यात रान अजून ओलं, वापसा न्हाई, पेरण्या तटल्यात, आन हितं बघ." आठवडाभरात पहिल्यांदा त्यांच्या आवाजात जीव आला होता. पण खाली उतरून त्या पुन्हा बोचक्याजवळ जाऊन बसल्या.

शनिवारी हनुमान आला. कंपनीचा कारागीर, पन्नाशीचा, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यानं मशीनसमोर उभं राहून चष्मा लावला, काढला, पुसला आणि परत लावला.

"पेरा कधीचा?"

"खंडेनवमीचा," उज्ज्वला म्हणाली.

"बहात्तर तासांच्या आत कळवायचं असतं, पीकविम्याला," तो गंभीरपणे म्हणाला आणि कामाला लागला. मशीनला त्यानं खालून प्लास्टिकची मोठी झोळी बांधली, झोळीचं तोंड बादलीत सोडलं आणि झाकण उघडलं. मग चष्मा वर सरकवून त्यानं आत डोकावलं.

"जाळ्या कुठायत?"

उज्ज्वलानं नवऱ्याकडं पाहिलं. आईनं लेकाकडं पाहिलं. वच्छलाबाई, बंकटराव आणि दारातल्या तिघांनी आळीपाळीनं सगळ्यांकडं पाहिलं.

"एक माळ्यावर आहे," शहादेव म्हणाला. "दुसरी... जावक झाली."

"म्हणजे?"

"उडाली. गच्चीवरून. दसरा काढला तेव्हा."

"आणि तुम्ही मला झालं म्हणालात?" उज्ज्वला म्हणाली.

"धुणं झालं, असं म्हणालो होतो," शहादेव म्हणाला. हे उत्तर कार्यालयात चाललं असतं.

वच्छलाबाई खाकरल्या. "काळी हाय का ती? चौकोनी? बारीक भोकांची? तशी एक आमच्या गच्चीवर आलती खरी. म्या दुधावर झाकती. सायीला लई चांगली." त्या घरी जाऊन जाळी घेऊन आल्या. तिच्या एका कोपऱ्यात साय वाळलेली होती.

हनुमाननं कोंब काढले, मुळ्या काढल्या, पाणी जायच्या नळीच्या तोंडाशी बसलेला ज्वारीचा फुगलेला बोळा काढला. मग पाण्याचा मोठा फवारा मारला, आणि वाहणारं पाणी, कुंकू, माती आणि टॉनिक यांच्या वजनानं झोळीची एक गाठ सुटली. झोळीखाली, बादली धरायला म्हणून, शहादेव उभा होता. त्याचं पुढं वर्णन करत नाही. तोही कुणाचा तरी मुलगा आहे.

सगळं बसवल्यावर मशीन चालू झाली. गार वारं आलं. हनुमाननं रिमोटवर बदल केला, थोड्या वेळानं ऊनही आलं. मग हनुमाननं शहादेवला समोर बोलावून सांगितलं, दर पंधरा दिवसांनी जाळ्या काढायच्या, मऊ ब्रशनं धुवायच्या, सावलीत वाळवायच्या, बाहेरच्या मशीनची धूळ झाडायची, नळीतून पाणी नीट पडतंय का बघायचं. शहादेव वहीत लिहून घेत होता. प्रश्न मात्र चंद्रभागाबाई विचारत होत्या.

"सावलीतच कावून?"

"उन्हात वाकड्या होतात, आजी. मग बसत न्हाईत."

"आन ही जी पात्याची भित हाय, हिला बरश कसा मारायचा? आडवा?"

"उभा. वरून खाली. आडवा मारला की पाती दबतेत."

"म्हंजी बैलाला खरारा केल्यावानी. केसाच्या रोखानं."

"तसंच," हनुमान म्हणाला आणि त्यानं ब्रश शहादेवच्या हातातून काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोन हात मारले. "आजी, तुमचा हात बसला बघा." शहादेवला तो असं काही म्हणाला नव्हता. जाताना हनुमाननं एक कोंब टोपीत खोचला. तो गेल्यावर शहादेवनं सराव म्हणून जाळ्या एकदा काढून स्वतःच्या हातानं परत बसवल्या.

म्हणजे मशीन दुरुस्त झाली. आता आईला जायला कारण उरलं नाही, असं शहादेवला वाटलं. पण रविवारी सकाळी बोचकं दारात होतं, आणि बोचक्याशेजारी चंद्रभागाबाई नऊवारी नेसून, चपला घालून बसल्या होत्या.

"आई, मशीन चालू आहे."

"हाय की."

"मग?"

"अजिनाथला सांगितलंय. वाट वाकडी करून यायलाय तो."

शहादेवला थेट काही मागता यायचं नाही. अर्ज लिहायला लावला असता तर त्यानं तीन प्रतींत लिहिला असता. मग त्याला एक युक्ती सुचली: आईशिवाय ही मशीन चालत नाही, असं दाखवायचं. रात्रंदिवस जपलेल्या अब्रूचा तिच्यात बळी जाणार होता, पण इलाज नव्हता. खाली पिकअपचा हॉर्न वाजला तेव्हा तो खुर्चीवर चढला, झाकण उघडलं, दोन्ही जाळ्या काढल्या आणि मुद्दाम, समजून-उमजून, उलट्या बसवल्या.

"हे असंच बसतं बहुतेक," तो मोठ्यानं म्हणाला.

अजिनाथ जिना चढून दारात आला. चंद्रभागाबाई उठल्या, मशीनखाली आल्या, मान वर करून पाहिलं.

"आता बराबर बसवल्यास," त्या म्हणाल्या. "काल हनुमानानं अशाच दाखवल्या व्हत्या."

शहादेव खुर्चीवरच राहिला. म्हणजे तो ज्याला सुलट समजत होता तेच आजवर उलट होतं.

"चला मोठी आई," अजिनाथ बोचकं उचलत म्हणाला, "ऊन व्हायच्या आत निघू."

"आई," शहादेव म्हणाला. "कशाला जातेस?"

"मग काय करू हितं?" त्यांनी चिडून विचारलं. "गुडघ्याला मशीन हाय, पाठीला गादी हाय. उज्ज्वला म्हणती बसा, तू म्हणतोस झोप. दिस उगवल्यापसून मावळूस्तोर पाव्हण्यावानी बसायचं. पाव्हणा किती दिस बसल?"

शहादेवनं एकदा मशीनकडं पाहिलं. तिच्यातून वारं येत होतं आणि त्याच्या ओल्या कपाळाला गार लागत होतं.

"मला हे जमत नाही," तो म्हणाला. "जाळ्या, ब्रश, काहीच जमत नाही. आणि जमलं असतं तरी... मशीन गेली उडत. तू राहा, आई. मागच्या थंडीत तू पडून होतीस आणि मला माहीत नव्हतं. तू राहा."

स्वयंपाकघराच्या दारात उज्ज्वला पोळीचा गोळा हातात घेऊन थांबली होती. अजिनाथनं बोचकं अर्धं खाली ठेवलं, अर्धं हातात.

चंद्रभागाबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"एवढं म्हणायला खुर्चीवर चढावं लागलं व्हय रे?"

त्यांनी चपला काढल्या, त्या पायानंच भिंतीकडं सारल्या.

"उतर खाली. पडशील. आन पुन्यांदा त्या जाळ्यांना हात लावायचा न्हाई तू. अजिनाथ, बोचकं आत ठेव, च्या घेऊन जा. गावात कुणी विचारलं तर सांग, मशीन लई हळवी हाय, तिला पंदरा दिसाला माणूस लागतंय."

अजिनाथ चहा पिऊन निघाला. त्याला जिन्यातच परत हाक मारून त्यांनी सांगितलं, पुढच्या खेपेला गोठ्यातला मऊ केसांचा ब्रश तेवढा घेऊन ये. हनुमानचा काही खरा नाही.